वेटोळ्याभोवतीची हवा

साप पाळणाऱ्या नव्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा आकड्याचा असतो. पेटीत तापमान किती ठेवायचे, आणि आर्द्रता किती? प्रश्न रास्त आहे, कारण कोणत्याही जातीची माहिती वाचायला घेतली की आधी आकडेच दिसतात: बॉल पायथनला उबेच्या जागी ३२ अंश सेल्सिअस, कॉर्न स्नेकला ३० च्या आसपास, रेनबो बोआला त्याहून कमी ऊब आणि पुष्कळ जास्त दमट हवा. हे आकडे खरे आहेत आणि उपयोगाचेही आहेत. तरीही कोणी पेटीचा कोपरान् कोपरा इमानाने ३२ अंशांवर आणून ठेवला, तर त्या सापाची परवडच होईल. माहितीतला आकडा पेटीतल्या एका जागेचा असतो. बाकीच्या पेटीने त्या आकड्यापासून हळूहळू दूर जात राहायचे असते, आणि आज त्या उतारावर कुठे बसायचे हे सापाने ठरवायचे असते. माझ्याकडे बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला एक अजगर, आहे. त्याच्या पेटीतली ऊब आणि ओलावा सांभाळताना मला जे उमगत गेले, ते सारे याच गोष्टीभोवती फिरते.

सापाचे शरीर स्वतःची ऊब जवळजवळ निर्माण करीत नाही, हे आपण शाळेत शिकतो, आणि त्यातून नकळत असा समज करून घेतो की सभोवतालचे तापमान जे असेल ते साप मुकाट्याने सोसतो. हा समज रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघा अभ्यासकांनी १९४४ मध्येच मोडून काढला. वाळवंटातील सरडे आणि साप उन्हात येऊन, सावलीत सरकून, जमिनीला अंग टेकवून किंवा उचलून आपल्या शरीराचे तापमान एका अरुंद पट्ट्यात कसे राखतात, हे त्यांनी दाखवून दिले. आपले शरीर जे काम आतल्या आत घाम आणून किंवा थरथरून करते, ते काम साप जागा बदलून करतो. म्हणूनच जागा बदलण्याची सोय नसलेली पेटी ही त्याच्यासाठी केवळ लहान खोली नसते. शरीराचे एक आवश्यक कार्यच तिथे बंद पाडलेले असते.

या कार्यावर किती गोष्टी अवलंबून आहेत, हे भक्ष्य गिळल्यानंतरच्या दिवसांत सर्वांत स्पष्ट दिसते. अख्खा उंदीर पोटात गेल्यावर त्याचे पचन होण्यासाठी सापाच्या शरीरातील चयापचय अनेक पटींनी वाढतो, आणि पाचकद्रव्यांचे काम तापमानाच्या हिशेबानेच चालते. पुरेशी ऊब मिळाली नाही तर भक्ष्य पोटात रेंगाळते, कुजू लागते, आणि साप ते ओकून टाकतो. जेवणानंतर माझा अजगर उबेच्या बाजूच्या आडोशात शिरतो आणि बराच काळ तिथून हलत नाही. पोट हलके झाले की तो पुन्हा थंड बाजूला दिसू लागतो. आजारपणाचेही असेच आहे. १९७० च्या दशकात वाळवंटी इग्वाना सरड्यांवर झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, जिवाणूंचा संसर्ग झाल्यावर हे सरडे नेहमीपेक्षा गरम जागा निवडून स्वतःच्या शरीरात ताप आणतात, आणि ज्यांना कमी तापमानातच ठेवले गेले त्यांच्यातले अधिक जण दगावले. उतार नसलेल्या पेटीत प्राण्याला ताप आणण्याचीही मुभा उरत नाही.

तेव्हा पेटीच्या एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा, ही पहिली पायरी. बॉल पायथनसाठी उबेच्या जागेचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश आणि गार टोकाची हवा २५ ते २७ अंश, अशी मांडणी चांगली चालते. कॉर्न स्नेकचे गार टोक त्याहूनही थोडे खाली, २२ ते २४ अंशांपर्यंत गेलेले चालते. पण नुसता उतार पुरत नाही. साप भित्रा प्राणी आहे, आणि उघड्यावर पडून ऊब घेण्यापेक्षा अंधाऱ्या फटीत दडून थंडी सोसणे तो पुष्कळदा पसंत करतो. आडोसा एकच असला आणि तो गार टोकाला असला, तर आपण त्याला सुरक्षितता आणि ऊब यांतून एकाची निवड करायला लावतो, आणि ही निवड कोणावरही लादण्यासारखी नाही. म्हणून दोन्ही टोकांना सारखेच घट्ट, अंगाला तिन्ही बाजूंनी टेकणारे आडोसे हवेत. या एका गोष्टीने पेटीतल्या सापाचे वागणे जितके बदलते, तितके महागड्या उपकरणानेही बदलत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आडोशाची जाडी हाही विचार करण्याजोगा भाग आहे, आणि त्याबद्दल फार सुंदर निरीक्षण उपलब्ध आहे. कॅलिफोर्नियातील ईगल लेकच्या काठी राहणाऱ्या गार्टर सापांवरचा एक अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. रेमंड ह्युई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे साप कोणत्या दगडांखाली विसावतात ते पाहिले. पातळ दगडाखालची जागा दुपारी जीवघेणी तापते आणि रात्री निवते. फार जाड दगडाखाली दिवसभर गारच राहते. साधारण २० ते ४० सेंटिमीटर जाडीच्या दगडाखाली मात्र ऊब सावकाश उतरते आणि सावकाश निघून जाते, त्यामुळे तिथे थोडेसे पुढेमागे सरकून सापाला दिवसरात्र बराच काळ आपल्या आवडीच्या तापमानात राहता येते. पातळ आणि जाड दगड हाताशी असूनही सापांनी बहुधा हेच मधल्या जाडीचे दगड निवडले होते. मला या अभ्यासाचे अप्रूप वाटते ते अशासाठी की, डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या दोन फटींमधला फरक सापाला कळतो आणि आपल्याला तो मोजूनच समजून घ्यावा लागतो. पेटीत एवढा जाड दगड ठेवता येत नाही आणि ठेवूही नये, कारण त्याखाली साप चिरडण्याचा धोका असतो. पण उबेच्या दिव्याखाली घट्ट बसवलेली दगडी फरशी, किंवा पातळ प्लॅस्टिकऐवजी जाड लाकडाचा अथवा मातीचा आडोसा ठेवला, तर दिवा बंद झाल्यावरही ऊब काही काळ टिकून राहते. संध्याकाळी दिवा विझल्यावर अजगर त्या फरशीवर पोट टेकवून पसरतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

ऊब कुठून द्यावी, यावर पाळणाऱ्यांमध्ये बराच वाद असतो. माझा कल वरून ऊब देण्याकडे आहे. निसर्गात ऊब सूर्याकडून येते आणि जमीन तिने तापते. हॅलोजनच्या दिव्यातून निघणाऱ्या अवरक्त किरणांचा मोठा भाग आखूड लहरींचा असतो, आणि तो त्वचेच्या आत काहीसा खोलवर पोहोचतो. सिरॅमिक हीटर लांब लहरींची ऊब देतो आणि ती मुख्यतः पृष्ठभागच तापवते. मात्र सिरॅमिक हीटर उजेड देत नाही, त्यामुळे रात्रीच्या उबेसाठी तो सोयीचा पडतो. रात्री लाल दिवा लावावा, सापाला तो दिसत नाही, हा जुना सल्ला मी पाळत नाही. रात्री पेटीत अंधारच असावा. पेटीच्या तळाखाली चिकटवायची हीट मॅट हवा फारशी तापवत नाही, आणि वर जाड भर, म्हणजे तळावर पसरायचे कोकोपीटसारखे साहित्य, घातली की ऊब तिच्यातच कोंडली जाऊन मॅट धोकादायक तापते. आत ठेवायचे विजेवर तापणारे कृत्रिम दगड तर मी कोणालाही सुचवणार नाही, कारण एकाच जागी अतिशय तापलेल्या पृष्ठभागावर साप भाजेपर्यंत पडून राहिल्याची उदाहरणे पशुवैद्यांच्या नित्य पाहण्यात असतात. त्याच कारणाने दिवा किंवा हीटर पेटीच्या आत असेल तर त्याला जाळीचे आवरण हवेच. साप चढतो, वेटोळे घालतो, आणि त्वचा पोळत असतानाही पकड सोडत नाही.

साधन कोणतेही असले तरी ते थर्मोस्टॅटविना, म्हणजे ठरावीक तापमानाला ऊब आवरणाऱ्या उपकरणाविना, चालवू नये. याबाबत मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही. थंडी सापाला हळूहळू खचवते, तर अतिउष्णता त्याला अगदी थोड्या वेळात मारू शकते. दिव्याला मंद-तेज करणारा थर्मोस्टॅट लागतो. सिरॅमिक हीटरला आणि मॅटला विजेचे लहान लहान ठोके देणारा किंवा साधा चालू-बंद करणारा चालतो. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान टिपणारे टोक, कुठे बसवला आहे यावर सारा खेळ अवलंबून असतो: मॅट असेल तर तो मॅट आणि पेटी यांच्यामध्ये, आणि वरची ऊब असेल तर साप ज्या उंचीवर असतो त्या उंचीवर, उबेच्या बाजूला. प्रोब घट्ट बांधलेला हवा. सापाने तो गार बाजूला ढकलला, किंवा पाण्याचे भांडे उलटून तो भिजला, तर थर्मोस्टॅटला पेटी गार असल्याचा भास होतो आणि तो ऊब वाढवतच राहतो. आणखी एक मर्यादा लोक विसरतात. थर्मोस्टॅट ऊब थांबवू शकतो, गारवा निर्माण करू शकत नाही. खोलीच ३४ अंशांवर गेली असेल तर बंद दिव्याची पेटीही ३४ अंशांवरच असणार, आणि मग उपाय पेटीत शोधून चालत नाही, खोली गार करावी लागते.

आता आर्द्रता. ऊब आणि आर्द्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे समजून लोक दोन वेगळी उपकरणे घेतात आणि दोहोंच्या मागे आळीपाळीने धावतात, कारण एकीला हात लावला की दुसरी हलते. याचे कारण आर्द्रतामापकावर दिसणाऱ्या टक्क्यांत आहे. तो आकडा हवेत पाणी किती आहे हे सांगत नाही. त्या तापमानाच्या हवेत जास्तीत जास्त जेवढे पाणी मावले असते, त्याच्या किती भाग पाणी आत्ता आहे, एवढेच तो सांगतो. गरम हवा हे मोठे भांडे आहे, तेवढ्याच पाण्याने ते अधिक रिकामे दिसते. २५ अंशांच्या एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम बाष्प मावते आणि ३२ अंशांच्या हवेत साधारण ३४ ग्रॅम. म्हणजे खोलीतली २५ अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा पेटीत शिरून ३२ अंशांपर्यंत तापली, की तिच्यातल्या पाण्याचा एक थेंबही कमी न होता मापक जेमतेम ४१ टक्के दाखवतो. उलट उबेच्या बाजूची ३२ अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा २२ अंशांच्या काचेला जाऊन लागली, तर तिच्यातले बाष्प तिथे मावत नाही आणि काचेला घाम सुटतो. पेटीच्या गार काचेवर थेंब आणि उबेच्या जागी कोरडेपणा हे दृश्य एकाच वेळी दिसते तेव्हा नवा माणूस गोंधळतो. मात्र त्यात विसंगती काही नाही, दोन्ही ठिकाणी पाणी जवळजवळ तेवढेच आहे.

हे एकदा ध्यानात आले की फवारणीचा हट्ट आपोआप सुटतो. पाण्याचा फवारा मारला की मापकाचा काटा झपाट्याने वर जातो, आणि पृष्ठभागावरचे थेंब वाळले की तासाभरात खाली येतो. त्या धावपळीत भरीचा वरचा थर मात्र सतत ओला राहतो, आणि सापाचे पोट त्यावरच असते. हवा खेळती असेल तर तिच्या दमटपणाने सापाला सहसा अपाय होत नाही, पण पोटाखालच्या ओलीने होतो. खवल्यांखाली फोड येतात, त्वचा लालसर होऊन कुजू लागते, आणि तिथून संसर्ग आत शिरतो. म्हणून पाणी खालच्या थरात द्यावे, असे अनुभवी लोक सांगतात, आणि ते अगदी योग्य आहे. कोकोपीट किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे यांची चांगली सात-आठ सेंटिमीटर जाड भर घालावी आणि पेटीच्या कोपऱ्यांतून पाणी हळूच ओतावे, म्हणजे ते तळाशी उतरते, वरचा थर कोरडा राहतो, आणि ऊब लागून खालचा ओलावा दिवसभर सावकाश वर येत राहतो. लाकडाचा बारीक कीस यासाठी निरुपयोगी आहे, ओला झाला की त्याला बुरशी येते. देवदाराचा भुसा तर त्याच्या उग्र तेलांमुळे पेटीत कधीच नको. पश्चिम व मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन दिवसाचा बराच वेळ उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत काढतो, आणि बाहेर कोरडा ऋतू असला तरी बिळातली हवा त्याहून दमट असते. आपण ओल्या भरीवर कोरडा थर ठेवतो आणि त्यावर आडोसा मांडतो, तेव्हा त्या बिळाचीच रचना उभी करीत असतो.

पाणी टिकवायचे म्हणून पेटी बंद करीत जाण्याचा मोह होतो, आणि इथे खरा पेच सुरू होतो. वर पूर्ण जाळी असलेल्या काचपेटीतून ऊब आणि ओलावा दोन्ही वर निघून जातात, त्यामुळे जाळीचा बराचसा भाग दिव्यापासून सुरक्षित अंतर राखून झाकणे आवश्यकच असते. पण सारे झरोके बंद केले की हवा कोंदते, बुरशी वाढते, आणि दमट, थंड, साचलेल्या हवेत सापाच्या फुफ्फुसांना संसर्ग होतो. सापाला आपल्यासारखे खोकून कफ काढून टाकता येत नाही. त्यामुळे श्वासाबरोबर आवाज येणे, तोंडाशी फेस किंवा चिकट स्राव दिसणे, तोंड उघडे ठेवून मान उंचावणे, यांपैकी काहीही दिसले की पशुवैद्याकडे जाण्यात दिरंगाई करू नये. मला सर्वांत समाधानकारक वाटलेली रचना अशी: गार बाजूला खाली लहान झरोका आणि उबेच्या बाजूला वर दुसरा. गरम हवा वरून बाहेर पडते, तिच्या जागी खालून ताजी हवा येते, आणि ओल्या भरीवरून सरकताना ती स्वतःच ओलावा उचलून घेते.

हाच पेच अजगराच्या मादीला अंड्यांभोवती वेटोळे घालताना सोडवावा लागतो, आणि ती तो ज्या तऱ्हेने सोडवते त्याबद्दल वाचल्यापासून मी पेटीकडे वेगळ्या आदराने पाहू लागलो. अजगराची मादी अंडी उबवते ही गोष्ट बराच काळ युरोपातील शास्त्रज्ञांना पटत नव्हती. १८४१ मध्ये आशील व्हॅलेंसिएन यांनी पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात अंड्यांवर बसलेल्या मादीच्या वेटोळ्यात तापमापक घालून ती भोवतालच्या हवेपेक्षा गरम असल्याचे मोजले. पुढे १९६६ मध्ये हचिसन, डाउलिंग आणि विनेगर यांनी ब्रह्मी अजगराच्या मादीवर मोजमापे घेऊन दाखवले की, भोवतालची हवा ३३ अंशांच्या खाली गेली की तिचे स्नायू थरथरू लागतात, चयापचय वाढतो आणि शरीर तापते. बॉल पायथनची मादी अशी थरथरत नाही. तीही अंड्यांभोवती घट्ट वेटोळे घालून बसते, आणि तिच्या बसण्याचा मोठा लाभ पाण्याचा असतो. तिच्या अंड्यांचे कवच चामड्यासारखे मऊ असते, त्यातून पाणी सहज उडून जाते, आणि वेटोळे ते रोखते.

ऑस्ट्रेलियातील चिल्ड्रन्स पायथन या लहान अजगराच्या अभ्यासातून याचा पुढचा भाग कळला. वेटोळे घट्ट असले की अंड्यांतले पाणी टिकते, पण अंड्यांतल्या पिलांना प्राणवायू कमी मिळतो. सैल केले की प्राणवायू मिळतो आणि पाणी उडते. मादी बहुतेक वेळ घट्ट बसून राहते आणि मधूनमधून थोडा वेळ वेटोळे सैल करते. कोणतीही एक स्थिती तिला पुरत नाही. काय राखायचे आणि काय थोडे सोडून द्यायचे, याचा तोल ती पुन्हा पुन्हा साधत राहते. ग्रीन ट्री पायथन पाळणारे लोक सकाळ-संध्याकाळ भरपूर फवारणी करून पुढच्या फवारणीआधी पेटी जवळजवळ सुकू देतात, त्यामागचे तत्त्वही हेच आहे. आर्द्रता एका रेषेत स्थिर धरण्यापेक्षा तिला चढू-उतरू देणे अधिक निरोगी ठरते, कारण सुकण्याच्या वेळात हवा बदलते आणि बुरशी मागे हटते.

ओलाव्याची खरी कसोटी कात टाकण्याच्या वेळी लागते. नवी त्वचा खाली तयार झाली की जुन्या आणि नव्या थरांच्या मध्ये द्रव उतरतो, रंग मळका होतो, आणि डोळ्यांवरचे पारदर्शक खवलेही दुधाळ, निळसर दिसू लागतात. पुढे डोळे पुन्हा निवळतात आणि त्यानंतर काही दिवसांत साप नाकापासून सुरुवात करून कात उलटी सोडत बाहेर येतो. सारे काही ठीक असेल तर कात शेपटीच्या टोकापर्यंत अखंड निघते आणि तिच्यात डोळ्यांच्या दोन्ही गोल झाकण्या दिसतात. मी दर वेळी आधी तेच पाहतो. ती तुकड्यातुकड्यांनी निघाली तर हवा कोरडी होती किंवा साप पाणी कमी पीत होता, असे बहुधा समजावे. डोळ्यावर राहिलेली झाकणी ओढून काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये, कारण तिच्याबरोबर खालचा जिवंत थरही इजा पावतो. शेपटीच्या टोकाला राहिलेले जुन्या कातीचे कडे मात्र दुर्लक्षित राहिले तर रक्तप्रवाह तोडते. या दिवसांत सगळी पेटी भिजवण्यापेक्षा ओलसर स्फॅग्नम शेवाळाने भरलेला, एका बाजूने भोक असलेला बंद डबा ठेवणे उत्तम. वाळूत राहणाऱ्या केनियन सँड बोआलाही तो उपयोगी पडतो. त्याची पेटी कोरडीच हवी, पण कात टाकताना ओल्या कोपऱ्याचा आधार मिळावा.

पाण्याशी सापाच्या त्वचेचे नाते आपण समजतो त्याहून नाजूक आहे. त्वचेतून पाणी उडू न देण्याचे काम खवल्यांचा कडकपणा करीत नाही. त्वचेच्या थरांत पसरलेली मेदद्रव्ये ते काम करतात. कॅलिफोर्निया किंगस्नेकच्या पिलांवरील संशोधनात दिसले की जन्मानंतरची पहिली कात टाकल्यावर हा अडसर अधिक भक्कम होतो आणि त्वचेतून होणारी पाण्याची गळती कमी होते. म्हणून अगदी लहान पिलाची पेटी मोठ्या सापाच्या पेटीपेक्षा अधिक लक्ष देऊन ओलसर ठेवावी लागते, आणि लहान पेटी लवकर तापते व लवकर सुकते म्हणून तिच्यावर नजरही अधिक वेळा ठेवावी लागते.

हे सारे मोजायचे तर मापक विश्वासाचा हवा. चिकटवायच्या, काटा फिरणाऱ्या तबकड्या मी वापरत नाही, त्या पुष्कळदा बऱ्याच चुकतात. प्रोब असलेले डिजिटल मापक दोन्ही टोकांना, सापाच्या उंचीवर हवेत. पृष्ठभागाचे तापमान पाहायला अवरक्त तापमापक सोयीचा असतो. मात्र तो काचेबाहेरून रोखला तर काचेचेच तापमान सांगतो, आतले नव्हे. आर्द्रतामापक तपासण्याची एक जुनी रीत घरच्या घरी करता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम चिखलासारखे होईल इतके पाणी घालावे, आणि ते झाकण मापकासह हवाबंद पिशवीत कित्येक तास राहू द्यावे. खोलीच्या नेहमीच्या तापमानाला अशा मिठावरच्या हवेची आर्द्रता ७५ टक्के असते. मापक ७० दाखवत असेल तर तो पाच टक्क्यांनी कमी दाखवतो, एवढे लक्षात ठेवून पुढे चालावे.

ऋतू बदलला की सगळी मांडणी पुन्हा तपासावी लागते. थंडीत खोली तापवली की तिथली हवा कोरडी पडते, दिवा अधिक वेळ चालू राहतो, आणि महिनोन् महिने नीट चाललेली पेटी सुकू लागते. पावसाळी दिवसांत याच्या उलट होते, आणि तेव्हा पाणी ओतणे कमी करून झरोके थोडे अधिक उघडावे लागतात. रात्री तापमान काही अंशांनी उतरू देण्यास हरकत नाही, निसर्गातही ते उतरतेच. फक्त थंडी आणि ओल एकत्र येणार नाहीत, एवढे जपावे.

आकडे सारे ठीक असतानाही साप काही सांगत असतो. तो दिवसेंदिवस गार टोकालाच चिकटून राहिला, तर उबेची जागा अतिशय तापत असेल, किंवा तिथला आडोसा त्याला सुरक्षित वाटत नसेल. उबेच्या जागेवरून हलतच नसेल तर बाकीची पेटी फार गार असेल. पाण्याच्या भांड्यात तासन् तास पडून राहत असेल तर आधी उष्णता आणि कोरडेपणा तपासावा, आणि मग अंगावर गोचीड-पिसवांसारखे किडे आहेत का तेही पाहावे. रात्रभर काचेला नाक घासत फिरत असेल तर त्याला हवी असलेली जागा पेटीत कुठेच नसण्याची शक्यता असते. अशा वेळी एका दिवसात दिवा, भर आणि झरोके असे सारे बदलून टाकले, तर कशाने काय झाले हे कळायला मार्ग उरत नाही. मी एकच गोष्ट बदलतो, दिव्याची उंची किंवा आडोशाची जागा, आणि दोन-तीन दिवस दोन्ही टोकांची नोंद ठेवून अजगर आता कुठे बसतो ते पाहतो. पुढचा बदल त्या नोंदीवरून ठरतो.